गोळीचे खरे नाव

मराठीत 'दवाखाना' म्हटले की डोळ्यांसमोर डॉक्टर येतो. तपासणीचे टेबल, स्टेथोस्कोप, बाकावर बसलेले पेशंट. उर्दूत हाच शब्द उच्चारला तर अर्थ थोडा सरकतो. दवाखाना म्हणजे जिथे दवा बनते, जिथे दवा मिळते ते ठिकाण. हकीम अब्दुल मजीद यांनी १९०६ साली दिल्लीत 'हमदर्द' सुरू केले ते याच अर्थाने दवाखाना होते. हकीमसाहेब नाडी पाहत आणि दवाही त्यांच्याच छपराखाली मिळे. आजाराचे नाव, औषधाचे नाव आणि देणाऱ्याचे नाव या तिन्ही गोष्टी रोग्याला ठाऊक असत.

आमच्या सोलापुरात यातला कुठलाच शब्द चालत नाही. मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी बोलणारे सगळे औषधाच्या दुकानाला 'मेडिकल' म्हणतात. "जरा मेडिकल को जाको आ." लहानपणापासून हेच ऐकत आले. या मेडिकलचे रूप गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पार बदलले. हा बदल मी वर्तमानपत्रातून वाचला, पण त्याआधी तो आमच्या घरातल्या प्लास्टिकच्या डब्यात पाहिला. त्या डब्यात अब्बांच्या गोळ्या असतात.

आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी अप्पांचे मेडिकल होते. अप्पा लिंगायत. कपाळावर भस्माच्या तीन रेघा, अंगात पांढरा सदरा. ते आमच्याशी दखनीत बोलायचे आणि आमचे अब्बा त्यांच्याशी हट्टाने मराठीत. दुकान आठ बाय दहाचे. काउंटरवर काचेची बरणी, तिच्यात लेमनच्या गोळ्या. पाच गोळ्यांची चिठ्ठी असली तरी अप्पा विचारायचे, "आज कित्ते देऊ?" कारण मोहल्ल्यात पूर्ण पाकीट घेणारे थोडे. कात्रीने पाकीट कापून दोन गोळ्या, तीन गोळ्या. कापलेल्या तुकड्यावर कधी तारीख राहायची तर कधी नाव, दोन्ही क्वचितच. अप्पांच्या लाल वहीत यंत्रमागावर काम करणाऱ्या प्रत्येक घराचे एक पान होते. दर आठवड्याला पगार झाला की पैसे जमा व्हायचे, मग पुन्हा उधारी. रात्री दोन वाजता मुलाला ताप भरला तर वरच्या खिडकीकडे बघून हाक मारायची. अप्पा टॉवेल गुंडाळून खाली यायचे.

या आठवणीला मी साखर लावणार नाही. कायदा सांगतो की औषध विकायला परवाना हवा आणि ते देणारा माणूस नोंदणीकृत फार्मासिस्ट हवा. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, फार्मसी कायदा १९४८ चा. पण कितीतरी दुकानांत भिंतीवर कुणा फार्मासिस्टचे प्रमाणपत्र फ्रेममध्ये लटकलेले असे आणि काउंटरवर मालकाचा भाचा. २०१२ च्या सुमारास महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने याविरुद्ध कडक मोहीम उघडली तेव्हा दुकानदारांत खळबळ माजली होती. अप्पांकडे तर चिठ्ठी नसतानाही 'ताप की गोली' आणि 'ताकद की गोली' मिळत असे. लोक त्याला माया म्हणत. त्यात माया होतीच, पण प्रतिजैविकाचे दोन दिवसांचे तुकडे घेऊन बरे झाल्यासारखे वाटणारी आणि महिन्याने पुन्हा आजारी पडणारी पोरेही माझ्या वर्गात होती.

आता अब्बांबद्दल. अब्बा यंत्रमाग कारखान्यात जॉबर. माग बिघडला की ते कानाने ओळखायचे, कुठला भाग ओरडतोय ते. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांना साखर निघाली, मग रक्तदाब. डॉक्टरांनी चार प्रकारच्या गोळ्या लिहून दिल्या. २०१४ साली त्या गोळ्यांचे महिन्याचे बिल अकराशे पन्नास रुपये होते. मी तेव्हा नुकतीच एका उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात शिक्षणसेवक म्हणून लागले होते. मानधन आठ हजार. म्हणजे माझ्या मानधनाचा सातवा हिस्सा प्लास्टिकच्या त्या डब्यात जात होता. भाऊ पुण्यात शिकत होता. अब्बांच्या कारखान्यात मंदी, आठवड्यातून चार दिवस काम.

एके दिवशी अब्बांच्या पायाला खिळा लागला. जखम साधी होती, पण भरेना. पंधरा दिवस ड्रेसिंग झाले. डॉक्टरांनी साखर तपासली तर तीनशेच्या वर. ते वैतागून म्हणाले, "गोळ्या घेता ना वेळेवर?" अब्बा म्हणाले, "हौ, घेतो." घरी आल्यावर अम्मीने डबा उलटा केला. त्यात अर्ध्या गोळ्या निघाल्या. ब्लेडने नीट मधोमध कापलेल्या. अब्बा सकाळी अर्धी, रात्री अर्धी आणि रक्तदाबाची एक दिवसाआड असे घेत होते. महिन्याचे पाकीट दोन महिने पुरवत होते. अम्मी रडायला लागली तेव्हा ते शांतपणे एवढेच बोलले, "माग भी आधे दिन बंद रहता, मैं भी आधी गोली पर चल सकता."

तो डोस डॉक्टरांनी ठरवलेला नव्हता, खिशाने ठरवलेला होता. शिवाय त्यातली एक गोळी अशी होती की तिच्यातले औषध पोटात हळूहळू सुटावे म्हणून तिची घडण खास केलेली असते. ती कापली की ती घडणच मोडते. जॉबर माणसाला मागाचा एकेक दात माहीत, पण आपण जे गिळतो त्याची घडण त्याला कुणी सांगितली नव्हती. पायाची जखम अखेर भरली. बोट वाचले, अल्लाहचा शुक्र. पण त्या दिवसापासून मला औषधाचा हिशेब मांडायची सवय लागली. मी विज्ञान शिकवते आणि जास्तीचा तास म्हणून मराठीही. हिशेब आणि भाषा, दोन्ही इथे उपयोगी पडली.

याच काळात आमच्या शहरात साखळीची मेडिकले दिसू लागली. काचेचे दार, आत एसी, एकाच रंगाचा गणवेश घातलेली मुले-मुली, संगणकावर बिल. ही दुकाने मोहल्ल्यात शिरली नाहीत, मोठ्या रस्त्यावर उभी राहिली. पहिल्यांदा आत गेले तेव्हा अम्मीने चपला बाहेर काढल्या होत्या. त्या पोरीने हसून सांगितले, "घालून या, खाला." तिच्या तोंडून 'खाला' ऐकून अम्मी खूश झाली आणि मीही.

या साखळ्यांची वाढ हा आपल्या देशातला मोठा आणि बराचसा नजरेआड राहिलेला बदल आहे. डॉ. प्रताप रेड्डी यांनी १९८३ साली मद्रासमध्ये अपोलो रुग्णालय उघडले. अपोलो फार्मसीची सुरुवात १९८७ ची. पहिली कित्येक वर्षे ही वाढ संथ होती. मग वेग आला. २०१४ साली त्यांनी हैदराबादच्या हेटेरो समूहाची सुमारे ३२० दुकाने विकत घेतली आणि मार्च २०२४ पर्यंत देशभरातल्या त्यांच्या दुकानांची संख्या सहा हजारांच्या पुढे गेली. हैदराबादमध्येच २००६ साली मधुकर रेड्डी गंगाडी या डॉक्टरकीची पदवी आणि अमेरिकेत व्यवस्थापनाचे शिक्षण घेतलेल्या गृहस्थांनी 'मेडप्लस' काढले. तेही २०२४ पर्यंत चार हजार दुकानांपलीकडे गेले. मधल्या काळात मोबाइलवरून औषधे घरपोच देणाऱ्या कंपन्या आल्या. २०२० साली रिलायन्सने 'नेटमेड्स'मध्ये बहुसंख्य हिस्सा घेतला, २०२१ साली टाटांनी 'वन एमजी'मध्ये. किराणा, कापड, मोबाइल यांच्या पाठोपाठ आता ताप-खोकलाही मोठ्या घराण्यांच्या ताब्यात आला.

साखळीचे गणित अवघड नाही. आमच्या आठवीच्या पोरांना शेकडेवारी आली की हेही कळते. औषध कंपनीकडून निघते, एजंटाकडे जाते, तिथून स्टॉकिस्टकडे, तिथून अप्पांकडे. प्रत्येक पायरीवर थोडा नफा. सरकारने भाव बांधून दिलेल्या औषधांवर किरकोळ दुकानदाराला सोळा टक्के असे प्रमाण २०१३ च्या आदेशात धरले आहे. साखळीवाला हजारो दुकानांसाठी एकदम खरेदी करतो, मधल्या पायऱ्या गाळतो आणि वाचलेल्या पैशातून गिऱ्हाइकाला दहा-पंधरा-वीस टक्के सूट देतो. शिवाय स्वतःच्या नावाचे साबण, प्रोटीन पावडर, डायपर विकतो. त्यात नफा जास्त. अप्पा एका पाकिटावर पंधरा टक्के सूट देऊ लागले तर त्यांच्या हाती काय उरणार? २८ सप्टेंबर २०१८ रोजी देशभरातल्या औषध विक्रेत्यांनी ऑनलाइन विक्रीविरुद्ध बंद पाळला. अप्पांनीही शटर ओढले होते. पण अर्धे. खाली वाकून कुणी आले तर ते दवा देत होते. म्हणाले, "बीमार को संप नै मालूम."

साखळीच्या दुकानात अब्बांच्या औषधांचे बिल थोडे उतरले. तोवर किमती वाढून महिन्याचे चौदाशे झाले होते, त्यावर पंधरा टक्के सूट म्हणजे दोनशे दहा रुपये वाचले. बिल छापील मिळू लागले, तारीख असलेले अखंड पाकीट मिळू लागले. ही कमाई लहान नाही. पण अकराशे नव्वद रुपये अजूनही आमच्या घराला जडच होते. आणि तिथे लाल वही नव्हती. महिन्याच्या पंचवीस तारखेला खिसा रिकामा असला तर संगणक ओळख दाखवत नाही.

मग आणखी एका साखळीची गोष्ट आमच्या घरात आली. ती कुणा उद्योगपतीची नव्हे, सरकारची. २५ नोव्हेंबर २००८ रोजी अमृतसरच्या सिव्हिल हॉस्पिटलात पहिले जन औषधी दुकान उघडले. कल्पना अशी की ज्या औषधांची मक्तेदारी संपली आहे ती मूळ नावाने, जाहिरातीच्या खर्चाशिवाय विकायची. कल्पना चांगली, पण चालली नाही. राज्यांच्या मदतीवर फार भिस्त, माल वेळेवर पोहोचत नव्हता, डॉक्टर ती नावे लिहीत नव्हते आणि लोकांना पत्ताच नव्हता. ही कारणे सरकारी कागदांतही नोंदली गेली. सहा वर्षांनी, २०१४ मध्येही अशी दुकाने देशभर शंभराच्या आतच होती. त्यानंतर योजनेची घडी बदलली. सरकारी रुग्णालयांबाहेर, खासगी माणसांना, संस्थांना दुकान काढायची मुभा व प्रोत्साहन दिले. २०१८ च्या सुरुवातीला संख्या तीन हजारांवर गेली. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी देवघरच्या एम्समध्ये दहा हजारावे केंद्र उघडले आणि २०२५ च्या सुरुवातीला पंधरा हजारांचा टप्पा ओलांडला. मार्च २०२७ पर्यंत पंचवीस हजारांचे लक्ष्य जाहीर झालेले आहे. म्हणजे दुकानांच्या संख्येत हीच आज देशातली सर्वांत मोठी औषधांची साखळी म्हणावी लागेल. योजनेच्या नावात कुणाचे सरकार आहे, फलकावर कुणाचा फोटो आहे यावर आमच्या चहाच्या टपरीवर वाद होतात. मी त्यांना म्हणते, फोटो भिंतीवर असतो, पाकिटातली गोळी पोटात जाते. आधी पोटाचे बोलू.

२०१८ साली आमच्या भागापासून दोन किलोमीटरवर असे केंद्र असल्याचे स्टाफरूममध्ये कळले. मी चिठ्ठी घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलाने चिठ्ठीवरची चार नावे वाचली आणि त्यांच्यासमोर पेन्सिलीने दुसरी चार नावे लिहिली. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, टेल्मिसार्टन, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन. बिल झाले तीनशे दहा रुपये. मला वाटले, दहा दिवसांचे असेल. महिन्याचे होते. महिन्याला आठशे ऐंशी वाचले. वर्षाचे साडेदहा हजार.

घरी आल्यावर अम्मीने पाकिटे हातात घेऊन वजन केल्यासारखी पाहिली. किंमत ऐकली आणि म्हणाली, "इत्ती सस्ती? तेरे स्कूल का खडू पीसको डाले क्या इसमें?"

अम्मीला हसून चालणार नाही. गरीब माणसाला स्वस्त वस्तूने आयुष्यभर फसवलेले असते. स्वस्त चप्पल आठवड्यात तुटते, स्वस्त कापड पहिल्या धुण्यात विटते. रेशनचा तांदूळ, सरकारी शाळा, सिव्हिलमधली खाट, जे कमी पैशात ते कमी प्रतीचे हा धडा त्याने पुस्तकातून नव्हे, अंगावरून शिकलेला असतो. म्हणून तो साखर पोटात ठेवून महाग गोळी अर्धी कापतो, पण स्वस्त गोळी पुरी घ्यायला घाबरतो.

मी अम्मीला आमच्याच मोहल्ल्याच्या भाषेत समजावले. आपल्याकडे प्रत्येकाची दोन नावे असतात. शाळेच्या दाखल्यावर मोहम्मद यूसुफ, गल्लीत बब्बू. दाखल्यावर शहनाज बेगम, घरात मुन्नी. बब्बू म्हणून हाक मारली काय किंवा यूसुफ म्हटले काय, येणारा पोरगा एकच. गोळीचेही तसेच. मेटफॉर्मिन हे तिचे दाखल्यावरचे नाव. एकेका कंपनीने तिला आपापले लाडाचे नाव ठेवलेले. ते लाडाचे नाव डॉक्टरांच्या तोंडी बसावे म्हणून कंपनीची माणसे बॅग घेऊन दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवतात. त्यांचा पगार, गाडीभाडे, परिषदा, भेटवस्तू, चकचकीत पुस्तिका हे सगळे शेवटी पाकिटाच्या किमतीत उतरते. जन औषधीत निविदा काढून एकगठ्ठा खरेदी होते. गुरुग्राम, चेन्नई, गुवाहाटी, सुरत येथे गोदामे आहेत. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्रत्येक खेपेची तपासणी झाल्यावरच माल दुकानात जातो. आणि किंमत ठरवताना नियम असा की आघाडीच्या तीन नाममुद्रांच्या सरासरीच्या निम्म्याहून ती जास्त असू नये. 

अम्मी म्हणाली, "बब्बू तो एकच. मगर बब्बू के नाम पे दुसरा कोई आया तो?"

प्रश्न रास्त होता. अम्मी चौथी शिकलेली, पण हा प्रश्न एखाद्या परिषदेतही शोभला असता. औषधाच्या प्रतीची शंका स्वस्त-महाग दोन्हींबाबत घेता येते आणि घेतलीच पाहिजे. सरकारी निरीक्षक नमुने तपासतात, त्यात नावाजलेल्या कंपन्यांचेही नमुने कधी नापास होतात. खरी वाट एकच, मोजून पाहायचे. आम्ही डॉक्टरांना सांगून अब्बांची गोळी बदलली आणि तीन महिन्यांनी साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी केली. आकडा आधीपेक्षा खाली आला होता. चमत्कार काही नव्हता. अब्बा पहिल्यांदा सलग तीन महिने पूर्ण गोळी घेत होते, इतकेच. अम्मीने तो कागद कपाटात, वफातनामे आणि घरपट्टीच्या पावत्यांसोबत जपून ठेवला.

आमचे डॉक्टर भले. त्यांनी बदलाला हरकत घेतली नाही, पुढच्या वेळी पाकिटे दाखवायला आणा एवढेच सांगितले. सगळीकडे असे नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नियम काढून डॉक्टरांनी औषधे मूळ नावाने लिहिणे बंधनकारक केले होते. डॉक्टरांच्या संघटनांनी आक्षेप घेतला. आधी प्रतीची हमी द्या, नाहीतर निवड डॉक्टरांच्या हातून निघून दुकानदाराच्या हाती जाईल, असे त्यांचे म्हणणे. तीन आठवड्यांत, २३ ऑगस्टला ते नियम स्थगित झाले. डॉक्टरांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण या वादात चिठ्ठी घेऊन उभ्या असलेल्या बाईचे म्हणणे कुणी विचारले नाही. तिला चिठ्ठी वाचताच येत नाही.

इथे माझ्या शाळेचा संबंध येतो. उर्दू माध्यमाची आमची पोरे उजवीकडून डावीकडे वाचत मोठी होतात. मराठी डावीकडून उजवीकडे. इंग्रजीची अक्षरे पाचवी-सहावीपर्यंत नीट बसलेली नसतात. औषधाचे पाकीट मात्र इंग्रजीत, फार तर नाव तेवढे हिंदीत, तेही मुंगीएवढ्या टाइपात. मोहल्ल्यातल्या बायका संध्याकाळी माझ्याकडे पाकिटे घेऊन येतात. "टीचर, ये कौनसी सुबह की और कौनसी रात की?" मी पाकिटावर स्केचपेनने उर्दूत 'सुबह' आणि 'रात' लिहून देते. ज्यांना उर्दूही येत नाही त्यांच्यासाठी सूर्य आणि चंद्र काढते. साखळी कोणतीही असो, पंधरा हजार दुकानांची किंवा सहा हजारांची, शेवटच्या हातभर अंतरावर ती थांबते. पाकीट हातात मिळते, पण त्यावर काय लिहिले आहे ते मिळत नाही.

आणखी एक गोष्ट, जी आमच्या अंकांत बायका फारशा लिहीत नाहीत. अप्पांच्या दुकानात सॅनिटरी पॅड मागायला मोहल्ल्यातली पोरगी कधी गेली नाही. गेलीच तर ती दुकान रिकामे होईपर्यंत समोरच्या ओट्यावर थांबायची. अप्पा बिचारे नजर न उचलता वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचे. त्यांचे सौजन्यच ते, पण त्या गुंडाळण्यातून पोरीला कळायचे की ही लपवायची गोष्ट. आणि किंमत अशी की बहुतेकींचे काम जुन्या कापडावर भागायचे. महिन्यातले तीन-चार दिवस माझ्या वर्गातले काही बाक रिकामे असत. जन औषधी केंद्रांत 'सुविधा' नावाचे पॅड २०१८ साली चार नगांना दहा रुपये असे आले आणि २७ ऑगस्ट २०१९ पासून एका नगाला एक रुपया झाले. एक रुपया! आम्ही तिघी शिक्षिकांनी वर्गणी काढून शाळेच्या कपाटात त्यांचा साठा ठेवला. किल्ली दहावीच्या मॉनिटरकडे. मुलींना मागावेही लागत नाही. बाक सगळेच भरले असे नाही, घरकाम आणि धाकटी भावंडे आहेतच. पण पूर्वीइतके रिकामे राहत नाहीत.

त्या मॉनिटरांपैकी एक पोरगी बारावी सायन्स करून डी. फार्मसीला गेली. तिची आई विड्या वळते. हजार विड्यांमागे किती मिळतात त्यावर घर चालते, आणि तंबाखूच्या धुळीने आई रात्रभर खोकते. पोरीला पहिल्या वर्षी इंग्रजी पुस्तके झेपेनात. ती रविवारी माझ्याकडे यायची. आम्ही 'कीमिया'चे उर्दू शब्द, त्यांना मराठी शब्द आणि त्यांना इंग्रजी शब्द असे तीन रकाने पाडून वही भरली. उन्सुर, मूलद्रव्य. मुरक्कब, संयुग. ती पास झाली, नोंदणी झाली आणि एका साखळीच्या दुकानात लागली. दहा तास उभे राहायचे. महिन्याचे विक्रीचे लक्ष्य असते. गोळ्यांसोबत काहीतरी आणखी विकायचे, ताकदीची पावडर, चेहऱ्याची क्रीम. ती म्हणाली, "टीचर, दमेवाली बुढिया को फेस वॉश कैसा बेचूं?" तरी तिच्या गणवेशाच्या खिशावरची नावाची पट्टी पाहून तिची आई दुकानासमोरून दोनदा चक्कर मारते.

आता तिच्या डोक्यात स्वतःचे जन औषधी केंद्र आहे, तेही मोहल्ल्यात. एकशे वीस चौरस फूट जागा हवी, फार्मासिस्ट ती स्वतः आहे. विक्रीवर वीस टक्के नफा आणि खरेदीच्या प्रमाणात हप्त्याहप्त्याने एकूण पाच लाखांपर्यंत प्रोत्साहन मिळते. बायकांना त्याशिवाय दोन लाखांपर्यंतची वेगळी मदत आहे. पण सुरुवातीचा माल, फ्रीज, फर्निचर, संगणक यांना पैसा आधी लागतो. घरचे म्हणतात, एवढा पैसा असेल तर तिचे लग्न करू. मामा म्हणतो, पोरगी दुकानात बसणार? मी तिच्या घरी जाऊन आले. वाद घातला नाही. वहीत आकडे मांडले, कर्जाचा हप्ता, महिन्याची विक्री, स्वस्त गोळीवर वीस टक्के म्हणजे हातात किती कमी रुपये येतात तेही. स्वस्त दुकानाचा नफाही स्वस्तच असतो, हे तिला आधी कळायला हवे. मामाने वही उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "उधारी कित्ती देगी?" या प्रश्नाला माझ्या वहीत रकाना नव्हता.

तो रकाना अप्पांकडे होता. २०२२ मध्ये अप्पांनी दुकान बंद केले. मुलगा बंगळुरूला संगणकाच्या नोकरीत, त्याला हे नको होते. शेवटच्या महिन्यात त्यांनी लाल वहीतली उधारी मागितली नाही. अब्बा आमची बाकी घेऊन गेले तर म्हणाले, "भाई, पैसे ठेवून जा, पण वही मी फाडणार नाही. यात अर्ध्या मोहल्ल्याची दुखणी आहेत." साखळ्यांच्या संगणकातही गिऱ्हाइकांची दुखणी नोंदलेली असतात, फोन नंबरासकट. पण त्या नोंदीवरून जाहिरातीचा मेसेज येतो. वहीवरून अप्पा रस्त्यात थांबवून विचारायचे, "बच्चे का खोकला कैसा है?"

मला अप्पांचे दिवस परत नको आहेत. कापलेली तारीखहीन गोळी नको, चिठ्ठीशिवाय मिळणारी 'ताकद' नको, आणि अकराशे पन्नासचे बिल तर नकोच. काचेच्या दाराचाही मला राग नाही. त्या दाराने पोरीबाळींना ताठ मानेने आत जायला शिकवले. मला एवढेच दिसते की साखळी स्वस्त करू शकते, वेळेवर आणू शकते, छापील बिल देऊ शकते. विचारपूस माणसालाच करावी लागते, आणि ते माणूस आमच्याच गल्लीतून तयार व्हावे लागेल. त्यासाठी पोरींना बारावी सायन्सपर्यंत नेणारी उर्दू शाळा हवी आणि मामाला वही वाचून दाखवणारे कुणीतरी हवे.

तोवर माझ्या हातात आहे ते करते. दरवर्षी पहिल्या सत्रात नववीच्या वर्गाला मी घरून औषधाचे रिकामे पाकीट आणायला सांगते. फळ्यावर पाच प्रश्न लिहिते. मूळ नाव काय, मात्रा किती मिलिग्रॅम, बनवल्याची तारीख, संपायची तारीख, किंमत. मुले बहिर्गोल भिंग घेऊन बाकावर ओणवी होतात. प्रकाशाच्या धड्यासाठी आणलेली भिंगे असे काम करतात. कुणी ओरडते, "टीचर, मेरी दादी की और इसके अब्बा की गोली का असली नाम एकच है, मगर कीमत चौपट!" मग वर्गात गलका होतो, हिशेब सुरू होतो. तास संपल्याची घंटा झाली तरी मुले उठत नाहीत. घरी जाऊन ती डबे उलटे करतात. गेल्या वर्षी एका मुलाने दुसऱ्या दिवशी कागदाच्या पुडीत अर्ध्या कापलेल्या गोळ्या आणल्या आणि हळूच माझ्या टेबलावर ठेवल्या. त्याच संध्याकाळी मी त्याच्या आजीला भेटायला गेले.